सुई कोणाची, नाव कोणाचे?

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला हॉलच्या बाहेर टेबले मांडली जातात. एकावर चिवडा आणि करंज्या, दुसऱ्यावर बांगड्या, पुढे मेंदीचे कोन. आणि अगदी शेवटी, बाथरूमकडे जायच्या वाटेवर, एखाद्या मावशी हाताने शिवलेल्या वस्तू घेऊन बसलेल्या असतात. खल्ल्यावर घालायचे रुमाल, तालिथच्या पिशव्या, बाळाची दुपटी, क्वचित एखादी गोधडी. येणारा जाणारा थांबतो, कापडावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आईची आठवण आली हो!" मग किंमत विचारतो. गोधडीचे चारशे शेकेल. "एवढे? घरीच केलंय ना?" असे म्हणून तो हात काढून घेतो आणि चिवड्याच्या टेबलाकडे वळतो.

त्या गर्दीत आम्हीही होतो, आणि पहिल्या वर्षी आम्हीही चिवडाच घेतला.

आपल्या मासिकांतून नाटकांची परीक्षणे येतात, कवितासंग्रहांवर लिहिले जाते, भजनाच्या कार्यक्रमात कोणाचा सूर लागला आणि कोणाचा नाही हेही छापले जाते. हाताने केलेल्या वस्तूवर मात्र कोणी टीका लिहीत नाही. तिचे कौतुक होते आणि विषय संपतो. कौतुकाला पैसे पडत नाहीत, आणि त्यासाठी वस्तू नीट पाहावीही लागत नाही. यंदा आम्ही त्या टेबलापाशी तासभर बसलो आणि वस्तू उलटून पाहिल्या. जे दिसले ते लिहितो. कोणाला राग आला तर माफी असावी.

प्रथम गोधडी. ती नेहमी मागच्या बाजूने पाहावी. पुढच्या बाजूला रंग असतात, ठिगळे असतात, डोळा तिथेच रमतो. मागे फक्त धावदोरा असतो आणि तो खोटे बोलत नाही. चांगल्या हाताचा टाका दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीचा पडतो. थर तीन असोत की पाच, सुई सरळ खाली जाते आणि सरळ वर येते. ज्या बाईला घाई झाली तिची सुई तिरकी जाते, वरचा टाका लहान आणि खालचा लांब होतो, आणि दोन-तीन धुण्यांत तिथले अस्तर सुटून आत गोळा होते. काठापासून आत, चौकोनात चौकोन घालत जी गोधडी शिवली जाते, तिचा मध्य पाहावा. चारही बाजूंनी येणाऱ्या ओळी तिथे भेटतात. मोजमापाची पट्टी न वापरता त्या जर नीट भेटल्या असतील, तर शिवणारीने पहिल्या ओळीपासूनच शेवटच्या ओळीचा विचार केला होता असे समजावे. आम्ही पाहिलेल्या एका गोधडीत त्या बोटभर चुकल्या होत्या आणि तिथे घाईने एक फूल लावून चूक झाकली होती. दुसऱ्या एकीत त्या बरोबर भेटल्या होत्या आणि वर काहीही लावलेले नव्हते. आमच्या मते सगळ्या टेबलावर कला म्हणावी अशी वस्तू ती एकच.

तिच्यात वापरलेले कापडही सांगायला हवे. कोकणातून, मुंबईतून आपल्या बायका ट्रंकांतून नऊवारी सुती लुगडी घेऊन आल्या. ती दहा-पंधरा वर्षे नेसून, धुऊन मऊ झाली की गोधडीत जायची. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. आता मुली-सुना ज्या साड्या टाकून देतात त्या नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या. हे कापड घसरते, टाका धरत नाही, आणि उन्हाळ्यात अंगावर घेतले की घाम येतो. त्यावर उपाय म्हणून काही जणी मध्ये जुनी लोकरी चादर घालतात. इथे एक सावधगिरीची गोष्ट. वरचे कापड जर जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिनन असेल, तर आतल्या लोकरीबरोबर ते शातनेज होते आणि अशी गोधडी पांघरणे तोराने मना केले आहे. आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्यांच्या गोधडीत सुताशिवाय काही नव्हतेच. इथे कापडे सरमिसळ झाली आहेत, तेव्हा शिवणारीने सांगावे आणि घेणाऱ्याने विचारावे.

आता खल्ल्याचे रुमाल. या बाबतीत आम्हाला जरा कठोर बोलावे लागेल. दहांपैकी आठ रुमालांवर एकाच वेळी मोर, हत्ती, कमळ, मेनोरा, मागेन दाविद आणि 'शालोम-नमस्ते' असे सगळे होते. जणू शिवणारीला भीती वाटत होती की एखादी खूण राहिली तर आपण अर्धे भारतीय किंवा अर्धे यहुदी ठरू. त्यांतले काही तर मशीनचे भरतकाम होते, वर चार टिकल्या हाताने चिकटवून 'हस्तकला' म्हटलेले. टिकली डिंकाने चिकटते, पहिल्या धुण्यात निघते. आणि खल्ल्याचा रुमाल धुवावाच लागतो. त्याच्या शेजारी किद्दुशचा पेला असतो, घरात मुले असतात, दर शुक्रवारी कुठेतरी द्राक्षरसाचा डाग पडतोच. म्हणूनच पैठणीच्या पदराचा रुमालही आम्हाला पटला नाही, जरी सगळ्यांत जास्त वाहवा त्याचीच झाली. जर पाण्यात आणि साबणात काळी पडते. तो रुमाल घेणारी बाई एकदा वापरील आणि मग काचेच्या कपाटात ठेवील. शालूचे कापड वाया जाऊ द्यायचे नसेल तर त्याचे पारोखेत करावे. अनेक देशांतल्या यहुद्यांनी नवरीचे वस्त्र असेच तोराच्या पडद्याला, आवरणाला वापरले आहे. पडद्यावर कोणी रस सांडत नाही.

उरलेल्या दोन रुमालांपैकी एक साधे पांढरे सुती कापड होते. त्याला चारी बाजूंनी एका जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ लावलेला, आणि मध्ये लाल दोऱ्याने, साखळी टाक्यात, हिब्रूमध्ये फक्त 'शब्बाथ'. बस. त्या काठाने कोकण सांगितला आणि अक्षरांनी शब्बाथ सांगितला. मोराची गरज पडली नाही. तो रुमाल आणि ती न झाकलेली गोधडी एकाच मावशींच्या हातची निघाली, हे कळल्यावर आम्हाला आश्चर्य वाटले नाही.

मग आम्ही त्यांना विचारले, यावर तुमचे नाव कुठे आहे? त्या हसल्या. "नाव कशाला? मी काय कलाकार आहे?"

या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार केला, कारण या देशात तो आपल्या आधी दुसऱ्यांच्या वाट्याला आलेला आहे. 1906 साली बोरिस शात्झ यांनी यरुशलेममध्ये बेझालेल सुरू केले तेव्हा येमेनी सोनार-चांदीकाम करणाऱ्यांचे हात तिथे होते, पण नाव संस्थेचे होते. त्यांच्यातून येहिया येमिनी यांच्यासारखे थोडे लोक पुढे स्वतःच्या नावाने ओळखले गेले. बाकीचे 'येमेनी काम' या दोन शब्दांत विरून गेले. पुढे 1954 साली रूथ दायान यांनी मास्कीत उभी केली. हेतू चांगला होता. नवीन आलेल्या ओलींच्या हातांत जी विद्या होती तिच्यावर त्यांचे घर चालावे हा तो हेतू, आणि पुष्कळ घरे चाललीही.  येमेनी बायकांचे भरतकाम मास्कीतने शहरी पोशाखावर आणले आणि परदेशातल्या दुकानांपर्यंत नेले. फिनी लाइटर्सडॉर्फ यांचा वाळवंटी कोट आजही फॅशनच्या पुस्तकांत असतो. 1994 मध्ये मास्कीत बंद पडली आणि सुमारे वीस वर्षांनी शारोन ताल यांनी ती पुन्हा सुरू केली. रूथ दायान 2021 साली 103 वर्षांच्या होऊन गेल्या तेव्हा सगळीकडे लेख आले, आणि ते यायलाच हवे होते. पण आमच्या वाचकांपैकी कोणी भरतकाम करणाऱ्या एका तरी बाईचे नाव सांगू शकेल काय? आम्हाला येत नाही. आम्ही मास्कीतला दोष देत नाही. तिने निदान मजुरी दिली. आपण मजुरी देत नाही आणि नावही विचारत नाही.

तेल अवीवला नहालत बिन्यामीनच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी जो हस्तकलेचा बाजार भरतो, त्याचा एक नियम आम्हाला फार आवडतो. ज्याने वस्तू केली त्यानेच ती विकायला उभे राहायचे, आणि काम निवडून घेतलेले असले पाहिजे. त्यामुळे कुंभाराला विचारता येते की ही झिलई अशी का फुटली, आणि चांदीकाम करणारीला सांगता येते की हा आकडा केसांत अडकतो. उत्तर द्यायला माणूस समोर असतो. आपल्या समाजातले हाताचे काम तिथे आम्हाला क्वचितच दिसले. मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, निवड करणाऱ्या लोकांपुढे आपले हिब्रू चालणार नाही. काम दाखवायला हिब्रू किती लागते, असे आम्ही म्हणालो खरे. पण चाळीस वर्षे कारखान्यात पाळी करून आलेल्या बाईला कोणापुढे परीक्षेला उभे राहावेसे वाटत नसेल, तर त्यातही नवल नाही.

कोचीच्या सारा कोहेन यांची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. त्या बेने इस्राएल नव्हत्या, कोचीच्या परदेशी यहुद्यांपैकी. मट्टनचेरीला सिनेगॉगच्या गल्लीत त्यांचे भरतकामाचे दुकान होते. किप्पा, खल्ल्याचे रुमाल, मेजावरची कापडे. दुकानावर पाटी त्यांच्याच नावाची, आणि त्या स्वतः खिडकीत बसलेल्या. येणाऱ्या पाहुण्याला वस्तू कोणाच्या हातची हे विचारावेच लागत नसे. 2019 च्या ऑगस्टमध्ये 96 व्या वर्षी त्या गेल्या. ताहा इब्राहीम या मुसलमान शेजाऱ्याने, ज्याला त्यांनी मुलासारखे वागवले, ते दुकान त्यांच्या नावानेच पुढे चालवले. नाव पाटीवर होते म्हणून चालवायला काहीतरी उरले.

आता पैशांचे बोलू. त्या गोधडीला किती वेळ लागला असे विचारल्यावर मावशींनी बोटे मोजली. रात्री जेवणे झाल्यावर दोन तास, शब्बाथ सोडून, पाच आठवडे. म्हणजे साठ तास. या देशात झाडू मारणाऱ्यालाही कायद्याने तासाला तीस शेकेलच्या वरच द्यावे लागतात. हिशेबाला सरळ तीस धरले तरी अठराशे झाले, कापड आणि दोरा वेगळा. त्या मागत होत्या चारशे. ज्या गृहस्थाने "एवढे?" म्हटले त्याने त्याच महिन्यात मुलाच्या बार मित्स्वाच्या हॉलला काय दिले हे आम्हाला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही.

मावशींनीही एक चूक केली आहे, ती सांगायला हवी. चांगल्या गोधडीबरोबर त्यांनी टिकल्यांचे रुमालही ठेवले होते, कारण "तेच खपतात". खपतात हे खरे. पण एकाच टेबलावर दोन्ही ठेवले की घेणारा गोधडीची किंमत रुमालाशी ताडून पाहतो. पुढच्या वेळी टिकल्यांचे घरी ठेवा, असे आम्ही सुचवले. त्या म्हणाल्या, मग गाडीभाडे कुठून काढू? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

ती गोधडी आम्ही घेतली. चारशेला नाही. घासाघीस उलट्या बाजूने झाली आणि त्या हजारावर अडून बसल्या, त्याच्या वर एक शेकेल घेईनात. नावाबद्दल पुन्हा आग्रह केला तेव्हा त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि गोधडी उलटी करून कोपऱ्यात मराठीत आपले पाळण्यातले नाव घातले, अलियानंतर कागदपत्रांवर लागले ते नव्हे. शेजारी बसलेल्या नातीने विचारले, सावता, हे काय लिहिलेस? तिला मराठी वाचता येत नाही. पुढची गोधडी कधी, असे आम्ही निघताना विचारले. मावशी म्हणाल्या, ट्रंकेत सुती लुगडी आता तीन उरली आहेत. एकीला दोन तरी लागतात.