चौघांचं फुटबॉल

नागपूरला फुटबॉल नवं नाही. कामठीच्या छावणीनं या भागात खेळ रुजवला, रब्बानी क्लबनं तो जोपासला, शहरात राहुल क्लब आणि यंग मुस्लिमच्या सामन्यांना दर्दी प्रेक्षक लाभला. पण ज्या फुटबॉलमुळे नागपूरचं नाव साता समुद्रापार गेलं, ते फुटबॉल अकरा जणांचं नाही. ते चौघांचं आहे. ‘स्लम सॉकर’चं, म्हणजे क्रीडा विकास संस्थेचं नाव घेतलं की आपण तिच्या सामाजिक कामाबद्दल भरभरून बोलतो आणि खेळ मात्र पाहायचा राहून जातो. मला वाटतं, या संस्थेची खरी ओळख तिच्या खेळाच्या बांधणीतच आहे. तेव्हा आधी मैदानाकडेच जाऊ.

मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. ‘होमलेस वर्ल्ड कप’ या बेघरांच्या विश्वचषकाचं हे माप. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय मैदानात अशी वीस मैदानं मावतील. एका संघात तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक. मोठ्या मैदानावर एकेका खेळाडूच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते, इथे जेमतेम 44. चेंडू पायात आला की समोरचा खेळाडू अंगावर आलेलाच असतो. त्यामुळे पहिला स्पर्श कसा होतो यावर सगळं ठरतं. तळव्याखाली चेंडू दाबून धरायचा, अंग वळवून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घ्यायचं आणि त्याच हालचालीत चेंडू पुढे सरकवायचा, हे सारं अर्ध्या श्वासात. वस्तीतल्या बोळात, नाली आणि उभ्या सायकलींच्या मधून खेळलेल्या पायांना ही चपळाई आधीपासून ठाऊक असते. बोळात जे अडचणीपोटी अंगवळणी पडलं, तेच इथे कसब म्हणून मोजलं जातं.

कडेला रेषा नाहीत, फळ्या आहेत. चेंडू बाहेर जातच नाही, म्हणून खेळ थांबत नाही. नवखा प्रेक्षक फळीला कुंपण समजतो. जाणकार मुलगी तिला पाचवा भिडू समजते. समोर वाट बंद दिसली की ती चेंडू तिरका फळीवर मारते आणि प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या अंगानं स्वतःच जाऊन घेते. कॅरममध्ये रिबाउंड काढणाऱ्याची नजर जशी सोंगटीवर नसून काठावरच्या एका बिंदूवर असते, तशी तिची नजर फळीवर असते. तो कोन नेमका साधला की टाळी आपसूक पडते.

आता गोलचौकट पाहा. रुंदी 4 मीटर, उंची फक्त 1.3 मीटर, म्हणजे साधारण छातीएवढी. उंचावरून उडवलेला चेंडू इथे वाया जातो, ताकदीची मिजास चालत नाही. चेंडू जमिनीलगत ठेवावा लागतो. चौकटीपुढच्या अर्धवर्तुळात गोलरक्षकाशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही आणि गोलरक्षकाला तिथून बाहेर पडता येत नाही. वरवर पाहता ही कैद. पण धक्काबुक्कीपासून पूर्ण मोकळीक मिळालेला हा एकटा माणूस साऱ्या चढायांचा उगम होऊन बसतो. चांगला गोलरक्षक अडवलेला चेंडू छातीशी कवटाळत नाही. अडवतानाच त्यानं पुढचा मोकळा भिडू हेरलेला असतो आणि हात खाली येतायेताच चेंडू निघालेला असतो. बचाव कुठे संपला आणि चढाई कुठे सुरू झाली, हे सांगता येऊ नये, इतकी ती क्रिया एकजीव असते.

या खेळातला सर्वांत सुंदर नियम अजून सांगायचाच आहे. प्रत्येक संघाचा एक खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात राहिला पाहिजे. म्हणजे बचावाला दोघंच, आणि चढाईला हवं तर तिघं. चढाई करणाऱ्यांकडे नेहमी एक माणूस जास्त. एकदा गोल केला की सगळे मागे येऊन भिंत उभी करायची, हा रडीचा डाव इथे नियमातच बसत नाही. गोल पडत राहतात, पारडं फिरत राहतं, तीन गोलांनी मागे असलेला संघही हातपाय गाळत नाही. पण माझं लक्ष नेहमी पुढे थांबलेल्या त्या एकट्या खेळाडूकडे जातं. त्याचे दोन साथीदार मागे झुंजताहेत, त्याला मदतीला धावता येत नाही. तो काय करतो? कच्चा खेळाडू उभा राहून ओरडतो. मुरलेला खेळाडू सतत दोन-दोन पावलं सरकत राहतो, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, चेंडू सुटला तर आपल्यापर्यंत यायला एक वाट उघडी राहील अशा बेतानं. चेंडूला पाय न लावता सामन्यावर सत्ता ठेवणं ही फार पुढची विद्या आहे. मोठमोठ्या क्लबांत ती शिकवायला वर्षं घालवतात. या मुलांना ती नियमच शिकवतो.

डाव सात-सात मिनिटांचे. मध्ये मिनिटभर विश्रांती. राखीव खेळाडू केव्हाही आत-बाहेर करतात, म्हणून बाकावर बसलेल्यालाही विसावा नाही. बरोबरी चालत नाही, पेनल्टीवर निकाल लागतो. जिंकणाऱ्याला 3 गुण, पेनल्टीवर जिंकणाऱ्याला 2, आणि पेनल्टीवर हरणाऱ्यालाही 1. शेवटपर्यंत तोडीस तोड लढलेल्याला रिकाम्या हातानं न पाठवण्याची ही रीत मला फार भावते.

हे नियम नागपूरचे नव्हेत. बेघरांचा विश्वचषक 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाला. नागपुरात मात्र बीज त्याच्या आधी पडलं होतं. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतल्या पोरांना तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यांच्यापुढे खरा चेंडू ठेवला. 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरली. नावावर नाकं मुरडली गेली, सरांनी नाव बदललं नाही. पुढे ‘स्लम सॉकर’ संस्था भारताचा संघ घेऊन बेघरांच्या विश्वचषकाला जाऊ लागली आणि 2016 साली तिला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

क्लबची ओळख आपण सहसा मैदान, रंग आणि बोधचिन्हात शोधतो. युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क घ्या. 1936 सालचा खाणकामगारांचा क्लब, नारिंगी-काळा गणवेश, बोधचिन्हात आडवे-तिडवे हातोडे, 2009 मध्ये उभं राहिलेलं देखणं डोनबास अरीना. 2014 च्या युद्धानं ते घर हिरावलं. तेव्हापासून लविव, खार्किव, कीव आणि मग युरोपीय स्पर्धांसाठी वॉर्सा, हॅम्बुर्ग, गेल्सेनकिर्शन अशी ‘घरची’ मैदानं बदलत हा संघ खेळतो आहे, आणि तरीही तो शाख्तारच राहिला आहे. घर सुटल्यावरही संघ संघ राहतो, हे शाख्तारनं दाखवलं. घर नसतानाही संघ उभा राहतो, हे नागपूरनं.

त्या उभं राहण्याचं मर्म ‘स्लम सॉकर’नं स्वीकारलेल्या ‘फुटबॉल-थ्री’ या पद्धतीत सापडतं. तिची मुळं कोलंबियातल्या मेदेयिनमध्ये. 1994 च्या विश्वचषकातल्या स्वयंगोलानंतर आंद्रेस एस्कोबार या बचावपटूची तिथे गोळ्या घालून हत्या झाली आणि त्या धक्क्यातून शांततेसाठी फुटबॉलचा प्रयोग आकाराला आला. यात सामन्याचे तीन भाग. पहिल्यात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात: मुलीनं केलेला गोल कसा मोजायचा, पडलेल्याला हात देऊन उठवायचं की नाही. दुसऱ्यात खेळ, तोही पंचाविना. चूक झाली की ज्याची त्यानं हात वर करून मान्य करायची. तिसऱ्यात पुन्हा वर्तुळात बसायचं आणि समोरच्या संघाला सचोटीचे गुण द्यायचे. ते गुण निकालात धरले जातात. ज्यानं आत्ताच आपल्याला चकवून गोल केला त्याला, त्याच्याच तोंडावर, न्यायानं गुण देणं हे त्या वयात किती अवघड असतं! म्हणून त्या तिसऱ्या भागातली क्षणभराची चुळबुळ आणि मग पुढे झालेला हात मला कुठल्याही गोलाइतका रंगतदार वाटतो.

नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ या चित्रपटात (4 मार्च 2022) विजय बारसे यांच्या कथेचा गाभा अचूक पकडला आहे. नागपूरच्याच वस्त्यांतली पोरं त्यांनी निवडली. त्यांच्या उभं राहण्यात, मान वळवण्यात जो बेदरकार डौल आहे तो शिकवून येत नाही. अमिताभ बच्चन यांचे विजय सर मुलांना आधी रोज पैसे देऊन खेळायला लावतात, आणि एक दिवस पैसे संपल्याचं सांगतात. पोरं रेंगाळतात, आणि शेवटी चेंडूच मागतात. या प्रसंगात भाषण नाही, बच्चन यांचा आवाजही चढत नाही. खेळाची ओढ पैशापलीकडे गेली, हे केवळ पोरांच्या घुटमळण्यातून कळतं. इतका मोठा नट चौकटीच्या कडेला ठेवून मुलांना मध्यभाग देणं, ही दिग्दर्शकाची अस्सल फुटबॉल-जाण आहे.

बेघरांच्या विश्वचषकाचा आणखी एक नियम असा, की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात उतरता येतं. त्यामुळे या भारतीय संघात कुणी कायमचा तारा होत नाही. दरवर्षी नवी मुलं, आणि त्यांना घडवणाऱ्यांत आधी खेळून आलेली काही. कधी ‘स्लम सॉकर’चे सामने पाहायला गेलात, तर पहिला डाव चेंडूमागे धावू नका. पुढे एकट्या थांबलेल्या त्या खेळाडूची पावलं बघा आणि सामना संपल्यावर लगेच उठू नका. तिसरा भाग अजून व्हायचा असतो.