नाव, नोंद आणि ‘उचल्या’

‘गुन्हेगार जमात’ ही संज्ञा म्हणजे समाजात आधीपासून असलेल्या एखाद्या वस्तुस्थितीला उशिरा मिळालेले नाव नव्हे. १८७१च्या कायद्याने एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला आणि अशा अधिसूचनेची वैधता न्यायालयात तपासण्याचा मार्ग बंद केला. घोषणा हाच पुरावा ठरला. १९११च्या कायद्याने ही व्यवस्था साऱ्या ब्रिटिश भारताला लागू झाली. नोंदवही, हजेरी, हालचालींवरील निर्बंध आणि वसाहत या साधनांनी संज्ञेला देह मिळाला. हजेरी चुकली की शिक्षा, शिक्षेची पुन्हा नोंद, आणि ती नोंद हाच जमातीच्या ‘स्वभावा’चा दाखला. भटकंतीवर ज्याचे पोट आहे त्याचे रोजचे जगणेच अशा रीतीने गुन्ह्याच्या कक्षेत आले.

मिशेल फुकोने १९७५ साली तुरुंगाच्या इतिहासाच्या निमित्ताने सत्ता आणि ज्ञान यांच्या परस्परनिर्मितीची जी मीमांसा केली, तिचे हे उदाहरण म्हणता येईल. मात्र एक भेद आहे. तेथे व्यक्ती वेगळी काढून तिची नोंद होते. येथे जन्म पुरेसा आहे. जातीची जुनी व्याकरणव्यवस्था आणि पोलिसी ज्ञानाची नवी परिभाषा यांची येथे सांगड पडली.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाचे वाचन या संदर्भात करावे लागते. ‘उचलणे’ हे साधे क्रियापद. त्यापासून झालेले नाम एका समूहाची ओळख बनते, तेव्हा कृती स्वभावात आणि स्वभाव रक्तात रूपांतरित झालेला असतो. आत्मकथन हा प्रवास उलट दिशेने घडवते. चोरी ही शिकवावी लागते, त्यासाठी मार सोसण्याची तालीम द्यावी लागते, तिच्या मिळकतीत पोलिसांचाही वाटा असतो: हे तपशील स्वभावाला पुन्हा व्यवहाराच्या पातळीवर आणतात. लांच्छन म्हणून चिकटलेला शब्द शीर्षकस्थानी येतो, तो कबुलीजबाब म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून.

मराठी समीक्षेने अशा आत्मकथनांचे स्वागत प्रामुख्याने अनुभवाची दाहकता, अस्सलता, अपरिचित जगाचे दर्शन या शब्दांत केले. हा गौरव निरपवाद नाही. अपरिचित जगाची आतली माहिती मिळवणे हाच पोलिसी हस्तपुस्तिकांचाही हेतू होता. संहितेला केवळ माहितीचा साठा मानणारा वाचक, सहानुभूती कितीही असली, तरी त्याच ज्ञानव्यवहाराच्या चौकटीत उभा राहतो. अस्सलतेची मागणी लेखकाला पुन्हा आपल्या जमातीचा नमुना बनवते. त्याच्या निवेदनातील निवड, उपरोध आणि युक्तिवाद यांना मात्र जागा उरत नाही.

१९५२ साली कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द रूढ झाला. पण मुक्ती कशापासून, हे सांगण्यासाठी तो जुन्या कायद्याचेच स्मरण करून देतो. सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी संशयाची सवयही टिकवली. शब्द बदलल्याने वास्तव आपोआप बदलत नाही. मात्र शब्दाने वास्तव कसे घडवले हे उघड झाले की ते अटळ राहत नाही. ‘उचल्या’चे वाङ्मयीन मूल्य या उघड करण्यातच आहे, ते त्याच्या सामाजिक मूल्याहून वेगळे काढता येत नाही.