धक्क्याची मोजपट्टी

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत दोन बाँबस्फोट झाले. तीन माणसे दगावली, अडीचशेहून अधिक जखमी झाली. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत होल्मन, गार्फिन व सिल्व्हर या संशोधिकांनी ४,६७५ अमेरिकी प्रौढांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यांचा निष्कर्ष असा : पहिल्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास स्फोटाच्या बातम्यांत घालवणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाशी संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त होती. असे वाक्य चटकन डोक्यात बसते. म्हणूनच ते तपासून घ्यायला हवे.

अभ्यास उथळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. स्फोटापूर्वीच्या मानसिक आरोग्याची माहिती हाती असल्याने मुळातच चिंताग्रस्त असलेल्यांचा प्रभाव गणितातून वेगळा काढता आला. तास वाढतात तशी लक्षणेही वाढतात, हेही दिसले.

आमची शंका मोजपट्टीविषयी आहे. घटनेची दृश्ये नको असताना मनात येतात का, तिची आठवण टाळावीशी वाटते का, झोप लागते का, असे प्रश्न अशा प्रश्नावल्यांत असतात. ते मुळात आघात सोसलेल्यांसाठी रचलेले. प्रेक्षकाच्या बाबतीत त्यांचा अर्थ बदलतो. तेच दृश्य दिवसातून पन्नास वेळा पडद्यावर आले, तर संध्याकाळी ते मनात येणे हे आघाताचे लक्षण, की नुसत्या पुनरावृत्तीचा ठसा? (जाहिरातीची धूनही अशीच डोक्यात घुमते!) शिवाय जो टाळू पाहतो तो सहा तास पाहत का बसेल? एकाच बेरजेत हे सारे मिसळले की गुण मिळतात. पण ते नेमके कशाचे, हे सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न दिशेचा. बातम्यांनी घबराट वाढली, की घाबरलेले लोक बातम्यांना चिकटून राहिले? सिल्व्हर यांच्याच गटाने त्याच लोकांपैकी अनेकांचा पुढे २०१६ च्या ऑर्लँडो येथील गोळीबारापर्यंत मागोवा घेतला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दोन्ही दिशांचे चक्र दिसते : पाहण्याने ताण, ताणाने पुढची काळजी, काळजीने पुन्हा अधिक पाहणे. आमच्या मते आधीच्या निबंधापेक्षा हा अधिक मोलाचा, जरी त्यात चटकदार आकडा नाही.

लक्षणे म्हणजे रोग नव्हे, हेही विसरू नये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने, कामाचा भाग असल्याखेरीज, पडद्यावर पाहिलेली घटना आघातोत्तर विकाराच्या निकषांतून वगळली आहे.

राहिले ते सहा तास. हे तास लोकांनी आठवून सांगितलेले आहेत. नववी-दहावीच्या वर्गात हे पडताळता येईल. गेल्या आठवड्यात बातम्या पाहण्यात किती वेळ गेला याचा अंदाज मुलांनी आधी लिहावा, मग पुढचा आठवडा रोज घड्याळ पाहून नोंद ठेवावी. विषय साध्या बातम्यांचाच असावा, अपघाताची दृश्ये मुद्दाम दाखवू नयेत. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून आलेख काढावा.