सुताराचा बांक आणि आमचें वाङ्मय

सुतारकामावरील ग्रंथाचा परामर्श वाङ्मयीन मासिकानें कां घ्यावा, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या ग्रंथाच्या निमित्तानें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों, तो एका सुतारानें लिहिलेला आहे. आणि तसा ग्रंथ मराठींत कां निपजला नाहीं, हा प्रश्न निःसंशय वाङ्मयाचा आहे.

आंद्रे-झाकोब रूबो (१७३९–१७९१) हा पॅरिसचा सुतार, बापही सुतारच. ब्लोंदेल या नामांकित वास्तुविशारदापाशीं तो रेखनविद्या शिकला, आणि १७६९ ते १७७५ या काळांत आपल्या धंद्याचें साद्यंत वर्णन करणारा अनेक भागांचा ग्रंथ त्यानें फ्रान्सच्या विज्ञान-अकादमीच्या आश्रयानें प्रसिद्ध केला. त्यांतील शेंकडों चित्रफलकांपैकीं बहुतेक त्यानें स्वतःच काढलेले आहेत. ग्रंथाच्या कांहीं भागांचे इंग्रजी अनुवाद २०१३ व २०१७ सालीं निघाले. त्यापूर्वींच, २००७ सालीं, ख्रिस्तोफर श्वार्झ नामक अमेरिकन पत्रकारानें केवळ सुतारी बांकांवर एक पुस्तक लिहून रूबोच्या बांकाचा जोरानें पुरस्कार केला. श्वार्झची शैली थट्टेखोर आहे, क्वचित् प्रचारकीही आहे. परंतु एक मुद्दा तो फार चांगला मांडतो. फळीला पृष्ठ, कड आणि टोंक असे तीन प्रकारचे भाग असतात, व या तिन्ही भागांवर काम करतांना जो फळीला निश्चल धरील तोच बांक खरा. बाकीचें सारें मेजच समजावें!

रूबोचा बांक या कसोटीस कसा उतरतो तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या मापानें पांच ते सहा इंच जाड, वीस ते बावीस इंच रुंद व सहा ते बारा फूट लांब अशी एकच अखंड फळी. तिला चार भक्कम पाय. पायांचीं कुसवें फळीच्या आरपार जाऊन वरच्या अंगास उघडीं दिसतात. पायांची दर्शनी बाजू फळीच्या कडेशीं एका रेषेंत असते. ही रेष शोभेसाठीं नव्हे. लांब फळी उभी धरून तिची कड रंधतांना ती बांकाच्या कडेला व पायांना सपाट टेंकावी म्हणून आहे. जाडीचेंही तसेंच. लोखंडाचा एक आंकडा भोंकांत घालून वरून ठोकला कीं तो तिरका होऊन भोंकाच्या भिंतींत अडकतो आणि खालीं ठेवलेलें लांकूड आवळून धरतो. फळी पातळ असेल तर त्याला अडकावयास जागाच मिळत नाहीं. आणि वजन? रंध्याचा जोर आडवा लागतो. हलकें मेज त्या जोराबरोबर खोलीभर फिरूं लागतें. सागवानाची इंग्रजी मापानें आठ फूट लांब, वीस इंच रुंद व पांच इंच जाड फळी घेतली तर ती एकटीच सुमारें १०० किलो भरेल. इतकें जाड लांकूड वाळावयास वर्षें लागतात, आणि वाळल्यावरही तें स्वस्थ बसत नाहीं. खाडीकांठच्या दमट पावसाळ्यांत तें रुंदीकडून फुगतें, थंडींत आक्रसतें. लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं.

आतां गंमत अशी कीं, ज्याच्याजवळ बांक नाहीं त्यानें बांक करावा कशावर? उत्तर सोपें आहे: जमिनीवर, किंवा दोन घोड्यांवर. फळी इतकी जड कीं तिला धरून ठेवण्याची गरजच पडत नाहीं. ती स्वतःच स्वतःचा बांक होते. म्हणजे युरोपांतील हा रुबाबदार बांकही जन्मास येतो तो बहुधा भुईवरच.

हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या सुताराकडे पाहण्याची दृष्टि बदलते. तो परंपरेनें जमिनीवर बसून काम करतो. लांकूड पायाच्या तळव्याखालीं व आंगठ्यानें दाबून धरतो, आणि त्यावर वाकस किंवा पटाशी चालवितो. त्याच्या जुन्या करवतीचे दांते ओढतांना कापतील असे घासलेले असत. बसलेल्या माणसाचा जोर ओढण्यांतच अधिक, हें त्याचें कारण. जपानी सुतारही करवत ओढूनच कापतो, आणि त्याची सुतारी जगांत नांवाजलेली आहे. तेव्हां बांक नसणें हें मागासलेपणाचें लक्षण मानणारांचें मत आम्हांस मान्य नाहीं. रूबोनें शंभर किलो लांकडाकडून जें काम करून घेतलें, तें आमच्या सुतारानें स्वतःच्या शरीराकडून करून घेतलें. त्याची किंमत त्याच्या पाठीनें व गुडघ्यांनीं दिली, हेंही विसरून चालणार नाहीं. भुईवरच्या सुतारीचे गोडवे खुर्चीवर बसून गाणारांस आम्ही एवढेंच विचारूं कीं, आपण तशा बैठकींत किती घटका काढाल?

परंतु या शरीराच्या विद्येचें वर्णन आमच्या वाङ्मयांत शोधूं गेल्यास हातीं काय लागतें? ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांत, ज्याला त्याला आपापल्या धंद्याचें गिऱ्हाईक हवें असतें असें सांगणारें एक मौजेचें सूक्त आहे. त्यांत सुतार मोडक्या वस्तूची वाट पाहतो. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला. नाटकाचा सूत्रधार आणि हा, दोघे एका नांवाचे. पैकीं एकावर आम्हीं ग्रंथ रचले. संतवाङ्मयांत कारागिरांची वाण नाहीं. नरहरि सोनाराची बागेसरी किंवा सेना न्हाव्याची हजामत अभंगांत येते. पण येते ती रूपक होऊन, आणि रूपक उलगडूं लागलें कीं हत्यार नजरेआड होतें. त्यांचा हेतु निराळा होता, म्हणून त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं.

अर्वाचीन काळाकडे वळावें तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) समोर येतो. खेड्याच्या अर्थव्यवहाराचें इतकें रोखठोक चित्र मराठींत दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे. परंतु महसूल खात्यांत नोकरी केलेल्या लेखकाचा सुतार हा बलुतेदार आहे. कुणब्याचीं औतें त्यानें करावींत, दुरुस्त करावींत, आणि सुगीला आपलें बलुतें न्यावें. ही देवघेव आत्रे बारकाईनें दाखवितात. नांगराला बाभूळच कां, आणि त्या बाभळीचा वांक सुतार झाडावर असतांनाच कसा हेरतो, याची चौकशी त्यांच्या विषयाबाहेरची होती. कृष्णाजी विनायक वझे यांनीं शिल्पशास्त्राचे संस्कृत ग्रंथ धुंडाळले. स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि हे कारागिरांचे चार वर्ग त्या शास्त्रांत सांगितलेले आहेत. तथापि वर्ग समजला म्हणून हात समजतो असें नव्हे. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नें (१९३२–३८) धंदेवाइकांचे पुष्कळ शब्द जतन केले, हे त्या कोशकारांचे मोठेच उपकार होत. कोशांत कुसूं सांपडतें. कुसूं किती घट्ट बसवावें म्हणजे तें सुटणारही नाहीं आणि लांकूडही चिरणार नाहीं, हें सांगणें कोशाचें काम नव्हे.

याचें कारण जातिव्यवस्थेंत आहे, हें उघड आहे. लेखणी एका घरीं आणि रंधा दुसऱ्या घरीं, अशी वांटणी आमच्याकडे शतकानुशतकें चालली. १९३७ च्या वर्धा शिक्षण-योजनेनें दोन्ही एका शाळेंत आणूं पाहिलीं. तो प्रयोग फारसा रुजला नाहीं. इंग्लंडांत जॉर्ज स्टर्ट हा शाळामास्तर १८८४ सालीं फार्नहॅम गांवच्या वडिलोपार्जित गाडीकारखान्यांत शिरला आणि आपल्या कामगारांकडून धंदा शिकला. चाकाच्या तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक, पुठ्ठ्यांना अ‍ॅश हीं लांकडें कां लागतात, हें सांगणारें त्याचें पुस्तक १९२३ सालीं निघालें. तें आज इंग्रजी गद्याचा उत्तम नमुना म्हणून वाचलें जातें. म्हणजे सुतारानेंच लिहिलें पाहिजे असें नाहीं. सुतारापाशीं बसून, त्याला विचारून, मग लिहिलें तरी चालतें.

नवी मुंबईंतील आमच्या परिचयाच्या हौशी मंडळींविषयीं आमची तक्रार आहे ती एवढीच. १९७० नंतर आखून वसविलेल्या या शहरांत, चौथ्या-पांचव्या मजल्यावरच्या सज्ज्यांत, शनिवार-रविवारीं हे सुशिक्षित गृहस्थ रंधा धरतात, रूबोचा बांक स्वहस्तें करण्याचे बेत करतात. हें कौतुकास्पद आहे. लेखणी व रंधा आतां कोठें एका हातीं येत आहेत. परंतु शेजारच्या घरांत प्लायवुडचें कपाट करणारा कारागीर भुईवर बसून, पायानें फळी दाबून तेंच काम करीत असतो. त्याला ‘याला तुम्ही काय म्हणतां?’ असें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तो कारागीर बहुधा परप्रांतीय असतो व शब्द हिंदी सांगेल, ही सबब खरी असली तरी पुरेशी नाहीं.

जातां जातां एक किरकोळ सूचना. रूबोचे फूट व इंच हे जुने फ्रेंच आहेत, इंग्रजी नव्हेत. त्याचा इंच आपल्या इंचाहून थोडा मोठा. त्याचे सहा इंच म्हणजे आपले जवळजवळ सहा इंच व तीन अष्टमांश. कोणी अनुवाद करूं लागल्यास ही तफावत ध्यानांत ठेवावी. आमच्या जुन्या गजाचे तसू चोवीस. रूबोचा बांक तसूंत मांडलेला आमच्या पाहण्यांत अद्याप आला नाहीं.