गटेचे रोम आणि आपली प्रवासवर्णने

परदेशातील एखाद्या मोठ्या नगरीत काही आठवडे घालविले म्हणजे लेखकाची थंडावलेली प्रतिभा पुन्हा पेटते, असा एक समज आपल्या वाङ्मयीन वर्तुळांत चांगलाच रुजला आहे. सत्कारसभांतील भाषणांत आणि प्रवासवर्णनांच्या प्रस्तावनांत तो वारंवार भेटतो. त्याला आधार हवा असला की गटेच्या इटलीप्रवासाचा दाखला पुढे करण्यात येतो. गटे रोमला गेला आणि पुन्हा कवी झाला, अशी ती कथा. तिच्यातील रोमला जाणे खरे आहे. कवी होणेही बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु या दोहोंमध्ये आपण जो कार्यकारणसंबंध गृहीत धरतो, तो गटेचे ‘इटलीचा प्रवास’ हे पुस्तक सावकाश वाचणाऱ्यास तितका सरळ दिसत नाही. ऑडन आणि एलिझाबेथ मेयर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले. जर्मन न जाणणाऱ्या आमच्यासारख्यांचे त्यावर भागते.

३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता गटे कार्ल्सबाडहून गुपचूप निघाला. आपण कोठे जात आहोत हे त्याने एका विश्वासू नोकराखेरीज कोणासही कळू दिले नव्हते. त्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता आणि वायमारच्या छोट्या संस्थानात जवळजवळ अकरा वर्षे राहिला होता. खाणी, रस्ते, सैन्यभरती, खजिना अशी नाना खाती त्याच्याकडे होती. आपल्याकडील संस्थानी कारभाराच्या आठवणी ज्यांच्या घरांत अद्याप सांगितल्या जातात, त्यांना या जीवनाची कल्पना सहज यावी. राजाची मर्जी आहे, मान आहे, वेतन आहे आणि लिहिण्यास मात्र सकाळ उरत नाही! राजाकडून त्याने बेमुदत रजा घेतली होती. ती कोठे घालविणार याचा पत्ता मात्र दिला नव्हता. प्रवासात त्याने म्योलर हे नाव धारण केले आणि चित्रकार म्हणून तो वावरू लागला. ‘वेर्थर’च्या कीर्तीने पछाडलेल्या माणसास हे टोपणनाव केवढे सुखाचे वाटले असेल!

येथवरची हकिगत आपल्याकडे सांगितली जाते. त्याच्या सामानात काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. लाइपझिगच्या ग्योशेन या प्रकाशकाशी आपल्या समग्र लेखनाच्या आठ खंडांचा करार गटेने त्याच वर्षी केला होता. पुढील खंडांसाठी जे द्यावयाचे होते ते सारे अर्धवट होते. ‘इफिगेनिया’ हे नाटक गद्यात होते, ‘एग्मोंट’ अपुरे होते, ‘टास्सो’चे दोन अंक तेवढे झाले होते आणि ‘फाउस्ट’चे सुटे प्रवेश पडून होते. ही बाडे त्याने बरोबर घेतली. म्हणजे स्फूर्तीच्या शोधात निघालेल्या या प्रवाशाच्या पेटीत प्रकाशकाचे देणे होते. गटेचे चरित्रकार ही गोष्ट लपवीत नाहीत. तिला हवे तितके वजन देणारे मात्र आम्हांस थोडे आढळले.

‘इफिगेनिया’चे काय झाले ते पाहावे. हे नाटक १७७९ साली वायमार येथे गद्यात रंगमंचावर आले होते आणि ओरेस्टीजची भूमिका स्वतः गटेने केली होती. आता त्याला ते वृत्तबद्ध करावयाचे होते. गार्डा सरोवराच्या काठी त्याने हे काम हाती घेतले आणि पुढे मुक्कामामागून मुक्काम ते चालू ठेवले. बोलोन्या येथे त्याने संत अगाथेचे एक चित्र पाहिले. ते राफाएलचे असल्याचे त्याला सांगण्यात आले होते. ही संत कन्या जे बोलू शकणार नाही ते आपल्या नायिकेच्या तोंडी घालावयाचे नाही, असा निश्चय त्याने त्या चित्रासमोर केला. परकी नगरी कलावंतास काय देते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. चित्राने त्याला नवा विषय दिला नाही. सात वर्षे सांभाळलेल्या विषयास कोणता शब्द शोभेल आणि कोणता शोभणार नाही, याची पारख दिली. ती पारख करण्याजोगा विषय मनात नसता, तर तो त्या चित्रापुढून चार स्तुतिपर वाक्ये लिहून पुढे गेला असता, जसे पुष्कळ जण जातात.

२९ ऑक्टोबर १७८६ रोजी तो रोमला पोहोचला आणि कोर्सो नावाच्या रस्त्यावर टिशबाइन या जर्मन चित्रकाराच्या बिऱ्हाडी राहिला. तेथे त्याला कार्ल फिलिप मोरित्स हा लेखक भेटला. मोरित्सने जर्मन छंदःशास्त्रावर एक निबंध लिहिला होता. एका सहलीहून परतताना घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला आणि गटेने कित्येक दिवस त्याची शुश्रूषा केली. त्याच्या निबंधावाचून आणि त्याच्याशी झालेल्या चर्चेवाचून आपणांस ‘इफिगेनिया’ पद्यात उतरविण्याचे धैर्य झाले नसते, असे गटेने मोकळेपणाने नमूद केले आहे. जानेवारी १७८७ मध्ये नाटक पुरे झाले. रोममध्ये ते पुरे झाले ते एका आजारी मित्राच्या खाटेशेजारी, ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा करीत. व्याकरण आणि वृत्ते शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस ही वार्ता अप्रिय वाटू नये.

आणखी एक बारकावा. इफिगेनिया ही परक्या किनाऱ्यावर अडकलेली ग्रीक कन्या आहे. समुद्राकडे पाहत ती मायदेशाची आस धरते. परमुलुखात येऊन गटेने जी कृती पुरी केली, ती परमुलखात न रमणाऱ्या स्त्रीची. आणि त्याने ती रोममधील जर्मन चित्रकारांस वाचून दाखविली तेव्हा ते गोंधळले. त्यांना ‘ग्योट्झ’च्या धाटणीचे काही तरी जोरकस ऐकावयाचे होते. तिचा संथ सूर त्यांच्या लवकर पचनी पडला नाही. प्रवासाने कवी बदलतो तो असा, की त्याचे जुने चाहते थोडा वेळ परके होतात.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच प्रवासात आहे. आमच्या समजुतीने साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथेच आहे. एप्रिल १७८७ मध्ये गटे सिसिलीतील पालेर्मो शहरी होता. तेथील सार्वजनिक बागेत, समुद्राच्या सान्निध्यात, त्याला होमरच्या फेएशियन लोकांच्या बेटाचे स्मरण झाले. त्याने तत्काळ होमरची प्रत विकत घेतली, सोबतच्या क्नीप या चित्रकारास त्यातील भाग तोंडी अनुवाद करून ऐकविला आणि ‘नॉसिका’ नावाचे शोकनाट्य योजिले. स्थळाने जागविलेली स्फूर्ती ज्याला म्हणतात, ती हीच. फुले आहेत, समुद्र आहे, कवी आहे, विषय समोर उभा आहे. या नाटकाचे काय झाले? त्याचे काही तुकडे तेवढे आज उपलब्ध आहेत. ते पुरे झाले नाही. दुसऱ्या एके दिवशी तो काव्याचाच विचार करावयाचा म्हणून त्या बागेत गेला, तर तेथील वनस्पती पाहून सर्व वनस्पतींचे मूळ रूप कोणते हा त्याचा जुना प्रश्न त्याच्या मानगुटीस बसला आणि नॉसिका मागे पडली. १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे बागेने त्या दिवशी जागे केले ते वायमारहून बरोबर आणलेले कुतूहलच.

बरोबर नेलेले पुरे झाले आणि तेथे सुचलेले अपुरे राहिले, असा हिशोब येथवर दिसतो. तो फार ताणू नये. ‘रोमन एलिजीज’ ही त्याची विख्यात काव्यमाला या हिशोबात सहज बसत नाही. तिच्या पानापानांवर रोम आहे. परंतु ती लिहिली गेली केव्हा? जून १७८८ मध्ये गटे वायमारला परतला, क्रिस्टियाना वुल्पिउस त्याच्या जीवनात आली, आणि त्यानंतर त्या काव्यांस आरंभ झाला. १७९५ साली शिलरच्या नियतकालिकात ती छापली गेली. रोम काव्यात आले ते घरी, थंड मुलखात, रोम दृष्टीआड झाल्यावर.

मग रोमने त्याला दिले काय? आमच्या मते प्रथम दिली ती निनावी दिनचर्या. तेथे त्याच्याकडे कोणी अर्ज घेऊन येत नव्हते. दुसरी देणगी म्हणजे हाताने काम करणाऱ्यांची संगत. त्या चित्रकारांच्या घरात त्याने शेकडो रेखाचित्रे काढली, परिप्रेक्ष्याचे धडे घेतले, मानवी आकृतीचा अभ्यास केला. आपण चित्रकार व्हावे ही इच्छा त्याच्या मनात तरुणपणापासून होती. दीड वर्षाच्या परिश्रमांनंतर त्याने ओळखले की आपला जन्म काव्यासाठी आहे. एक दार कायमचे बंद झाले, हा त्या सुट्टीचा फार मोठा लाभ होय. परंतु असल्या लाभाचे वर्णन करणारा प्रवासी आपल्या वाचनात क्वचितच येतो. तिसरी देणगी पुन्हा पुन्हा पाहण्याची. त्याने जूनो देवतेच्या प्रचंड मस्तकाची प्लास्टरची प्रतिकृती आपल्या खोलीत आणून ठेवली, ती रोज दृष्टीस पडावी म्हणून. सिस्टाइन चॅपेलमध्ये तो इतक्यांदा गेला की एकदा दुपारच्या उकाड्याने थकून पोपच्या सिंहासनावरच त्याने डुलकी काढली!

बरोबर आणलेल्या दृष्टीचा तोटाही सांगितला पाहिजे. रोमच्या वाटेवर असिसी येथे त्याने संत फ्रान्सिसचे भव्य मंदिर पाहिले नाही. तेथील भित्तिचित्रे जोत्तोच्या नावाशी निगडित आहेत आणि आज जगभरचे लोक त्यांसाठी तेथे जातात. गटे त्यांना बगल देऊन मिनर्व्हेच्या प्राचीन देवळाकडे गेला. फ्लॉरेन्सला जाताना त्याने अवघे काही तास दिले. ज्याला ग्रीक-रोमन प्रमाणबद्धता हवी होती त्याला मध्ययुग नको होते. हा दोष आहे आणि तो मोठा आहे. तरीही, सर्व काही पाहून कशाचेच न होणाऱ्या प्रवाशापेक्षा हा हट्टी प्रवासी आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. त्याने काय टाळले हे सांगता येते, कारण त्याला काय हवे होते हे स्पष्ट आहे.

ही कसोटी आपल्या प्रवासवर्णनांस लावून पाहावी. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षकच लेखकाला काय पाहावयाचे आहे ते सांगते. काणेकर रशियाविषयीची ओढ घेऊन निघाले होते आणि ती ओढ पुस्तकास दिशा देते. त्यांच्या मतांशी आज कोणी सहमत होवो वा न होवो, पुस्तक एका माणसाचे आहे यात शंका नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली आले. त्यातील विलायत ही पुलंनी आपल्या घराची ओसरी बरोबर नेऊन पाहिलेली विलायत आहे. परक्या माणसाकडे ते मराठी मध्यमवर्गीयाच्या चष्म्यातून पाहतात आणि तो चष्मा आपल्या नाकावर आहे हे एक क्षणही विसरत नाहीत. त्या पुस्तकात लंडनने पुलंना विनोद शिकविला नाही. विनोद त्यांच्यापाशी होताच, लंडनने त्याला नवे पात्र पुरविले. या दोन पुस्तकांचे यश पाहून नंतर जे अनेक ग्रंथ झाले, त्यांतील बहुतेकांत विमानतळ येतो, उपाहारगृह येते, संग्रहालय येते आणि लेखक मात्र येत नाही. शाळेच्या वार्षिकांकासाठी आलेली सहलीची वर्णने आम्ही दरवर्षी तपासतो. त्यांतही ‘नंतर आम्ही अमुक पाहिले’ या वाक्याची अशीच माळ असते. मुलांना ती क्षम्य आहे.

शिवाय घाईचा दोष आहेच. गटेच्या पुस्तकाचे पहिले दोन भाग १८१६ आणि १८१७ साली छापले गेले, म्हणजे प्रवासानंतर तीस वर्षांनी. रोममधील दुसऱ्या मुक्कामाचा भाग १८२९ साली. वाचताना जी ताजी टिपणे वाटतात ती साठी उलटलेल्या माणसाने आपल्या जुन्या रोजनिशीतून आणि पत्रांतून वेचून, कापून, पुन्हा रचलेली आहेत. तरुण प्रवाशाचा उत्साह हा वृद्ध लेखकाच्या हातचा आहे. ताजेपणास भाळणाऱ्या आपल्या समीक्षकांनी हे ध्यानी घ्यावे. परतल्यावर वर्षाच्या आत पुस्तक बाजारात आले याचे कौतुक आम्हांस तरी करवत नाही.

कोणी म्हणेल की, मग प्रवासच कशाला? घरी बसूनही हे साधले असते. साधतेही. १७९१ साली फॉर्स्टरच्या जर्मन भाषांतरातून गटेस शाकुंतल मिळाले. भारतात त्याने पाऊल टाकले नव्हते, आणि तरी ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगभूमीवरचा प्रवेश शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला असे अभ्यासक मानतात. कालिदास त्याच्या घरी चालत आला. परंतु वायमारात राहून ‘इफिगेनिया’ सात वर्षे गद्यातच पडली होती, हेही विसरून चालणार नाही. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या लेखकांपुढे हा प्रश्न अधिक टोकदार होऊन उभा राहतो. ज्या इंदूरात, बडोद्यात, बेळगावात आपल्या चार-चार पिढ्या गेल्या, त्या शहरांवर लिहिण्यासारखे आपणांस काही दिसत नाही, आणि तीन आठवड्यांच्या पॅरिसवर तीनशे पाने होतात. पॅरिसला जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जाताना पेटीत बडोद्याचे एखादे अपुरे बाड असावे.

तसे बाड नेणाऱ्याच्या हातून काय होते याचा एक नमुना राहिला. १७८८ साली रोम सोडण्यापूर्वी गटे बोर्गेझे यांच्या उद्यानात जाऊन लिहीत बसे. भोवती दक्षिणेचा वसंत होता. त्या बागेत त्याने ‘फाउस्ट’मधील एक प्रवेश लिहिला, आणि त्या प्रवेशात रोम नाही, ऊन नाही, संगमरवर नाही. धुराने कोंदलेले एका जर्मन चेटकिणीचे स्वयंपाकघर आहे, चुलीवर कढई उकळते आहे आणि तिच्याशेजारी माकडे बसली आहेत.