90 डॉलरची वाइन, 10ची म्हणून

"महाग वाइन म्हणजे निव्वळ फसवणूक, विज्ञानानेच सिद्ध केलंय" असं कुणी म्हणालं, की पुरावा म्हणून बहुतेक वेळा हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांचा 2008चा पेपर पुढे येतो. 20 जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीने घोट-घोट वाइन दिली. वाइन होत्या तीन, सांगितल्या पाच. 5 डॉलरची एकदा 5ची, एकदा 45ची म्हणून. 90ची एकदा 90ची, एकदा 10ची म्हणून. किंमत जास्त सांगितली की तीच वाइन जास्त आवडली आणि मेंदूतला सुखाशी जोडलेला एक भागही जास्त सक्रिय झाला.

प्रयोगाची मांडणी मला आवडते. पण त्यातून 'फसवणूक' निघत नाही. एक तर माणसं फक्त 20. दुसरं, बाटली महाग का होते हे इथे तपासलेलंच नाही. ओकची पिंपं, वर्षानुवर्षं मुरवणं, एकरी कमी द्राक्षं घेणं, कर, हा खर्च खराच असतो. पेपर एवढंच सांगतो, की आकडा चवीत मिसळतो.

आणि उरलेला अर्धा निकाल कुणी सांगतच नाही: 90ची वाइन 10ची म्हणताच कमी आवडली! शहाद्यात बसून मला हाच भाग मोठा वाटतो. नाशिकच्या वाइनला लेबल आहे, सातपुड्यातल्या घरगुती मोहाच्या दारूला नाही. प्रयोग मोहावर नव्हता, मान्य. पण आपण तिला 'हलकी' म्हणतो, ते जिभेवरून की भावावरून?