दुष्काळ, पितर आणि अंतराळ : रशियन कॉस्मिझमच्या संदर्भात नारळीकरांच्या दोन कथा

रशियन कॉस्मिझम या विचारप्रवाहाचा उल्लेख आपल्याकडे झालाच, तर तो बहुधा कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की (१८५७-१९३५) यांच्या निमित्ताने होतो. कालुगा या लहान शहरातील हा शाळामास्तर १९०३ साली अग्निबाणाच्या साहाय्याने अंतराळात जाण्याचे गणित मांडतो आणि त्याच देशातून १९५७ मध्ये स्पुटनिक व १९६१ मध्ये युरी गागारिन अवकाशात जातात. ही कथा इतकी सुबक आहे की, तिच्यामागील तत्त्वज्ञान अग्निबाणाची प्रस्तावना ठरून बाजूला पडते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन चुकीच्या टोकापासून सुरू होते. या प्रवाहाचा आरंभ ताऱ्यांपासून नव्हे, दुष्काळापासून झाला. आणि ही गोष्ट वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून वाचताना जितकी जाणवते, तितकी ती इतरत्र जाणवेलच असे नाही.

प्रथम संज्ञेविषयी. ‘विश्ववाद’ म्हटले तर मानवतावादाशी गल्लत होते. ‘ब्रह्मांडवाद’ म्हटले तर पुराणांचा दरवळ येतो. म्हणून येथे ‘कॉस्मिझम’ हाच शब्द ठेवला आहे. शिवाय ज्यांना आज आपण या नावाने ओळखतो त्या विचारवंतांनी स्वतःला कधी असे म्हणवून घेतले नव्हते. हे नाव रुळले ते बरेच नंतर, १९७० च्या दशकापासून.

या प्रवाहाचे आद्य विचारवंत निकोलाय फ्योदोरोव (१८२९-१९०३) हे मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव संग्रहालयातील ग्रंथपाल होते. अत्यंत विरक्त वृत्तीचा हा गृहस्थ आपला पगार गरजूंना वाटून टाकी. हयातीत त्यांनी स्वतःच्या नावाने जवळजवळ काही प्रसिद्ध केले नाही. त्यांचे लेखन ‘समान कार्याचे तत्त्वज्ञान’ या शीर्षकाखाली शिष्यांनी १९०६ आणि १९१३ मध्ये दोन खंडांत काढले. त्यातील बंधुभावाविषयीचे मुख्य प्रकरण सुरू होते ते १८९१ या वर्षाच्या उल्लेखाने. त्या वर्षी रशियाच्या अनेक प्रांतांत अवर्षणामुळे भीषण दुष्काळ पडला होता. त्याच वर्षी अमेरिकेत स्फोटकांच्या साहाय्याने पाऊस पाडण्याचे प्रयोग झाल्याची बातमी आली. फ्योदोरोव यांच्या कल्पनेने येथे झेप घेतली. तोफा आणि दारूगोळा माणसे मारण्याऐवजी पाऊस पाडण्यासाठी वापरता आले, तर सक्तीच्या लष्करभरतीचे रूपांतर निसर्गनियमनाच्या सार्वत्रिक सेवेत का होऊ नये? त्यांच्या लेखी निसर्ग हा शत्रू नव्हे; तो आंधळा आहे आणि त्याला दृष्टी देणे हे माणसाचे काम आहे.

मराठवाड्यातील वाचकाला हे वाचून एक परिचित आवाज ऐकू येतो. तो आवाज विमानाचा. २०१५ आणि पुन्हा २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी विमाने आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून, तेव्हाच्या औरंगाबादहून उडाली. त्याआधी २००३ मध्येही राज्याने असा प्रयोग केला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या शास्त्रीय प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार योग्य ढग मिळाल्यास पावसात सुमारे १८ टक्के सापेक्ष वाढ दिसते. ढगच नसेल तर काहीही होत नाही. फ्योदोरोव यांच्या स्वप्नाचे हे आजचे माप आहे. ते उपहासाने घेण्याचे कारण नाही, पण त्यावर आरती ओवाळण्याचेही नाही.

फ्योदोरोव यांचा दुसरा विचार याहून विलक्षण आहे. आजवर मरण पावलेल्या सर्व पूर्वजांना विज्ञानाच्या बळावर पुन्हा जिवंत करणे हे जिवंतांचे कर्तव्य होय, असे ते मानतात. पूर्वजांच्या श्रमाची फळे खायची आणि त्यांना विसरायचे, याला प्रगती म्हणतात, हे त्यांना अनैतिक वाटते. आणि सगळे पूर्वज परत आले तर पृथ्वीवर मावणार कसे? म्हणून इतर ग्रहांवर वस्ती. कॉस्मिझममध्ये अंतराळाचा प्रवेश होतो तो असा: साहसासाठी नव्हे, पितरांना जागा हवी म्हणून. वर्गात हे सांगताना विद्यार्थी प्रथम हसतात. मग भाद्रपदातील पितृपक्षाची आठवण करून दिली की गप्प होतात. पान मांडून कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरांतून आलेल्या या मुलांना पितृऋण ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. मात्र आपल्याकडे हे ऋण विधीने फिटते. फ्योदोरोव यांना ते प्रयोगशाळेत फेडायचे आहे.

मराठीत मानवाच्या वैश्विक भवितव्याचा विचार ललित लेखनातून सातत्याने मांडणारे लेखक म्हणून डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांचेच नाव प्रथम घ्यावे लागते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या कथांची चर्चा बहुधा विज्ञान किती अचूक आहे, या एकाच अंगाने होते. येथे प्रश्न वेगळा आहे. या कथांत माणूस मृतांचे आणि निसर्गाचे काय देणे लागतो?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा सर्वपरिचित आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही आणि मराठे पानिपत जिंकले आहेत. फ्योदोरोव यांच्या संदर्भात ही कथा पुनरुत्थानाची कथा ठरते. पानिपतावर एक पिढी गेली, ही मराठी मनाची जुनी जखम आहे. मृतांना परत आणण्याची इच्छा आपल्याकडे जर कुठे सामूहिक असेल तर ती येथे. नारळीकर ती इच्छा पुरी करतात आणि लगेच तिच्या मर्यादा आखतात. त्या जगात जाता येते, राहता येत नाही. पुरावा म्हणून हाती येते ते बखरीचे एक पान. स्पष्टीकरण येते ते आपत्तिसिद्धान्ताचे आणि पुंजभौतिकीचे. विश्वासराव जिवंत होतात, पण दुसऱ्या कुणाच्या जगात. प्रस्तुत लेखकाला हा संयम कथेचे खरे बळ वाटतो. नारळीकरांनी पूर्वजांच्या विजयाचा जल्लोष लिहिला असता तर तो लोकप्रिय झाला असता आणि कथा वाया गेली असती. सभेत गंगाधरपंत बोलायला उभे राहतात तेव्हा त्या विजयी महाराष्ट्रातील श्रोते त्यांना ऐकूनही घेत नाहीत, हा तपशील समीक्षकांनी पुरेसा गंभीरपणे घेतलेला नाही. पूर्वज जिंकले म्हणून वंशज शहाणे होत नाहीत.

‘धूमकेतू’ या कथेविषयी मात्र तक्रार नोंदवावी लागते. एका हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, असे गणित सांगते. अनेक देशांचे शास्त्रज्ञ एकत्र येतात, स्फोटके असलेले यान पाठवून धूमकेतूची वाट बदलतात. इकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो आणि संकट टळल्याचे श्रेय घरचे लोक यज्ञाला देतात. अंधश्रद्धेवरील ही कोपरखळी नेमकी आहे. ती मारण्याचा नैतिक अधिकारही लेखकाला होता. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन हुशार व मतिमंद मुले ओळखण्याची त्यांनी घेतलेली चाचणी प्रसिद्ध आहे. अचूकतेचे प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही थोडे कमी, निघाले. (सूर्यावरील डागांची चक्रे मानवी इतिहासातील उठावांशी जोडणाऱ्या अलेक्सांद्र चिझेव्हस्की या कॉस्मिस्टाला अशी चाचणी कुणी लावली असती तर बरे झाले असते.) परंतु कथेतील बचावाचे काम गुप्त ठेवले जाते. लोक घाबरतील म्हणून त्यांना सांगायचे नाही, हे कथेत गृहीतच धरले आहे. मग ज्यांना काही सांगितलेच नाही त्यांनी यज्ञ केला, तर दोष संपूर्णपणे त्यांचा कसा? आकाशावर नियंत्रण मिळवण्याचे सामर्थ्य फ्योदोरोव यांनाही हवे होते. पण त्यांच्या योजनेत शिकलेले आणि न शिकलेले यांच्यातील भिंत पाडणे ही पहिली अट होती. ‘समान कार्य’ या शब्दांतील ‘समान’चा अर्थ तोच. नारळीकरांच्या कथेत कार्य आहे. ते समान नाही.

याचा अर्थ फ्योदोरोव यांना निर्दोष ठरवावे असा नव्हे. त्यांच्या विचारात बाप आणि मुलगे यांचेच राज्य आहे, आई आणि मुली कडेला उभ्या आहेत. शिवाय झारच्या एकछत्री सत्तेवर त्यांची श्रद्धा होती. निसर्गाला आंधळा म्हणण्यातील धोकाही पुढे दिसला. कापसासाठी नद्यांचे पाणी वळवल्यामुळे १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. त्याला एकटे फ्योदोरोव जबाबदार नाहीत हे उघड आहे. पण निसर्ग म्हणजे केवळ दुरुस्तीची वाट पाहणारे यंत्र, ही भाषा कुठून कुठे जाते, ते उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला वेगळे सांगायला नको. याच परंपरेतील व्लादिमीर व्हेर्नाडस्की या दृष्टीने अधिक सावध वाटतात. ‘जीवावरण’ (१९२६) या ग्रंथात त्यांनी सजीवांना भूगर्भीय शक्ती मानले, आणि पुढे मानवी बुद्धीलाही त्याच मापाने मोजले. शक्ती म्हटले की तिच्या परिणामांचा हिशेब आला.

नांदूर मधमेश्वरच्या कालव्याला या तालुक्यात पाणी कधी सुटणार आणि किती सुटणार, हे ठरवणाऱ्या बैठका दूरवर होतात. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील गावातून येणारा एक विद्यार्थी ‘धूमकेतू’ शिकवून झाल्यावर म्हणाला, “सर, त्यांनी लोकांना सांगितलं असतं तर?” पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात हा प्रश्न नव्हता. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही त्यावरच घालवला.